चौकटीतला तिसरा: १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीतील अजगराचे प्रकरण

१९९५ साली ‘टफ’ बुटांची एक कृष्णधवल जाहिरात दोन नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. मिलिंद सोमण आणि मधु सप्रे हे त्या काळातील आघाडीचे दोन मॉडेल तीत पायांतल्या बुटांखेरीज अंगावर काहीही न घालता एकमेकांना बिलगून उभे होते, आणि दोघांच्या अंगाभोवती एक मोठा अजगर होता. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्ता यांचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. दोन्ही मॉडेल, छायाचित्रकार, जाहिरात संस्था आणि ती जाहिरात छापणाऱ्या नियतकालिकांचे प्रकाशक व वितरक हे सगळे आरोपी झाले. खटला चौदा वर्षे रेंगाळला आणि २००९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

एवढा भाग बहुतेकांच्या स्मरणात आहे. जो भाग स्मरणातून गळून गेला तो असा की या जाहिरातीवरून आणखी एक गुन्हा नोंदवला गेला होता: जाहिरात संस्थेविरुद्ध, वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली, अजगराच्या बेकायदेशीर वापराबद्दल. वर्तमानपत्रांतील मथळे, संपादकांना आलेली पत्रे, संस्कृतिरक्षणाच्या आणि कलास्वातंत्र्याच्या बाजूने झालेले वाद हे सगळे दोन माणसांच्या अंगावर कपडे नव्हते या एका मुद्द्याभोवती फिरत राहिले. या लेखात तोच दुसरा, विसरलेला गुन्हा मध्यभागी ठेवून प्रकरण पुन्हा मांडले आहे, कारण मोठ्या सापाचे छायाचित्र काढताना आणि मोठा साप बाळगताना जे प्रश्न उभे राहतात ते जवळजवळ सगळे या एकाच चौकटीत सामावलेले आहेत.

दोन कायदे, दोन वजने

भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ नुसार अश्लील मजकूर किंवा चित्र प्रसिद्ध करण्याच्या पहिल्या अपराधाला जास्तीत जास्त दोन वर्षांचा कारावास आणि दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड होता. किमान शिक्षा ठरवून दिलेली नव्हती, म्हणजे न्यायाधीशाने ठरवले तर नाममात्र शिक्षेवरही भागू शकत होते. याउलट वन्यजीव अधिनियमात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळालेल्या प्राण्यांच्या यादीतील, प्राण्यासंबंधीच्या अपराधाला किमान एक वर्ष आणि कमाल सहा वर्षे कारावास, शिवाय किमान पाच हजार रुपये दंड अशी तरतूद होती. त्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात ‘पायथॉन’ ही संपूर्ण प्रजाती, म्हणजे तिच्यातील प्रत्येक जातीचा अजगर, नावानिशी समाविष्ट होता. कायद्याच्या तराजूत पाहिले तर त्या छायाचित्रातील सर्वांत जड वस्तू अजगर हीच होती. चर्चेच्या तराजूत मात्र त्याला वजनच नव्हते.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. अजगराचे छायाचित्र काढणे हा या अधिनियमाखाली स्वतंत्र अपराध नाही. कायदा विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: हा प्राणी येथे आला कोठून आणि कोणाच्या ताब्यात आहे? अधिनियमाच्या व्याख्येत ‘शिकार’ या शब्दात केवळ मारणे नव्हे, तर पकडणे आणि सापळ्यात अडकवणे हेही येते. त्यामुळे रानातून धरून आणलेला अजगर जिवंत, धडधाकट आणि पोटभर खाल्लेला असला तरी त्याची शिकारच झालेली असते. पहिल्या अनुसूचीतील बंदिस्त प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे मुख्य वन्यजीव रक्षकाने दिलेले मालकी प्रमाणपत्र असावे लागते, आणि असा प्राणी विकत देण्यावर कलम ४३ नुसार निर्बंध होते. कलम ५७ तर आणखी पुढे जाते. एखाद्याच्या ताब्यात असा प्राणी होता एवढे सिद्ध झाले की तो ताबा बेकायदेशीर आहे असेच न्यायालय गृहीत धरते आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. फौजदारी कायद्यात सहसा न आढळणारी ही उलटी मांडणी आहे, आणि या प्रकरणात तर ताब्याचा पुरावा आरोपींनीच छापून घरोघर पोचवला होता.

मग हा गुन्हा मागे का पडला असावा? माझ्या मते त्याचे एक कारण कार्यपद्धतीत आहे. अश्लीलतेचा गुन्हा पोलीस स्वतः नोंदवतात, तपासतात आणि न्यायालयात नेतात. वन्यजीव अधिनियमातील अपराधाची दखल न्यायालय कलम ५५ नुसार घेते ती वन खात्याच्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून, किंवा साठ दिवसांची पूर्वसूचना देऊन तक्रार करणाऱ्या नागरिकाच्या तक्रारीवरून. दुसरे कारण कार्यपद्धतीपेक्षा साधे आहे. साप तक्रार करत नाही, मुलाखत देत नाही आणि समाजाच्या कोणत्याही गटाला त्याच्यामुळे लाज वाटत नाही. नग्नतेबद्दल प्रत्येकाला मत असते. अनुसूची उघडून पाहण्याचे कष्ट मोजके लोक घेतात.

अश्लीलतेची कसोटी या खटल्यानंतरच्या काळात बदललीही. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्या नग्न छायाचित्रावरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जुनी इंग्रजी हिकलिन कसोटी (मजकुराचा एखादा अंशही वाचकाचे मन बिघडवू शकत असेल तर तो अश्लील मानणारी) बाजूला ठेवून समकालीन सामाजिक मापदंडांची कसोटी स्वीकारली. आजच्या घडीला सोमण आणि सप्रे यांच्याविरुद्धचा तो गुन्हा अधिकच लंगडा ठरला असता. अजगराबाबतचा कायदा मात्र त्याच काळात कडक होत गेला: २००२ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे केली, किमान दंड दहा हजारांवर नेला, आणि २०२२ च्या दुरुस्तीने तो पंचवीस हजार केला. एकाच छायाचित्राचे दोन अपराध, आणि काळाच्या ओघात एक हलका होत गेला तर दुसरा जड.

छायाचित्र हाच पुरावा असेल तर

अशा प्रकरणात पहिला तांत्रिक प्रश्न असतो तो ओळखीचा. आपल्याकडे सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत आढळणारा तो भारतीय अजगर, आणि ईशान्य भारतापासून पूर्वेकडे आढळणारा तो बर्मीज अजगर. १९९५ मध्ये शास्त्रज्ञ या दोघांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानत होते. त्या स्वतंत्र जाती ठरल्या २००९ मध्ये, म्हणजे योगायोगाने खटल्याच्या निकालाच्याच वर्षी. धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस करारात मात्र हा फरक आधीपासूनच होता: भारतीय अजगर सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात, बर्मीज दुसऱ्या. परदेशात पाळीव म्हणून लाखांनी पैदास झाली ती बर्मीज अजगराची, त्यामुळे ‘आमचा साप परदेशातून आणलेला आहे’ हा बचाव करायचा झाला तर ओळख निर्णायक ठरते.

कृष्णधवल छायाचित्रात रंग हाती लागत नाही. एरवी भारतीय अजगर फिकट, मातकट आणि बर्मीज गडद तपकिरी, नक्षीच्या कडा ठसठशीत, एवढ्यावर जाणकार अंदाज बांधतात. रंग नसेल तर डोके पाहावे लागते. दोघांच्याही डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. बर्मीज अजगरात ती नाकाडापर्यंत पूर्ण व स्पष्ट असते, भारतीय अजगरात ती पुढे जाता जाता विरते. त्याहून खात्रीची खूण डोळ्याखाली आहे. भारतीय अजगरात वरच्या ओठाच्या खवल्यांपैकी एखादा थेट डोळ्याला भिडतो. बर्मीज अजगरात ओठाचे खवले आणि डोळा यांच्यामध्ये लहान खवल्यांची एक ओळ असते. हे दिसायचे तर डोक्याचे बाजूने काढलेले, डोळ्यावर नेमके फोकस केलेले छायाचित्र लागते, आणि जाहिरातीच्या छायाचित्रकाराचा फोकस तेथे असण्याचे काही कारण नसते. जो कोणी कायदेशीररीत्या साप बाळगतो त्याने आपल्या प्राण्याची अशी दोन-चार रूक्ष, निव्वळ नोंदीची छायाचित्रे दरवर्षी काढून ठेवावीत, असे मी आवर्जून सुचवेन. अजगराच्या अंगावरची नक्षी प्रत्येक सापाची वेगळी असते आणि आयुष्यभर फारशी बदलत नाही, म्हणून बोटांच्या ठशांसारखा तिचा उपयोग होतो.

मिठी नव्हे, ऊब

त्या छायाचित्राची सगळी मोहिनी एका समजुतीवर उभी आहे: साप त्या दोघांच्या आलिंगनात सामील झाला आहे. सापाच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. अजगराला स्वतःची उष्णता तयार करता येत नाही. अंड्यांवर वेटोळे घालून बसलेली मादी स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते, तो एक अपवाद सोडला तर त्याचे सगळे व्यवहार बाहेरच्या तापमानावर चालतात. त्याला साधारण २८ ते ३२ अंश सेल्सिअस मानवते. वातानुकूलित स्टुडिओत ठेवलेला अजगर माणसाच्या उघड्या त्वचेवर आला की त्याला आसपासची सर्वांत उबदार जागा सापडलेली असते, आणि आपला जड देह पडू नये म्हणून तो फांदीला घालावा तसा विळखा घालतो. प्रेक्षक ज्याला मिठी म्हणतो ती सापाच्या लेखी आधाराची आणि उबेची सोय असते. अंग चोरून स्थिर राहिलेल्या सापाला आपण ‘शांत’ म्हणतो. थंडीने आखडलेला आणि खरोखर निवांत असलेला साप छायाचित्रात सारखेच दिसतात. हा फरक ओळखायचा तर जीभ पाहावी. निवांत साप सावकाश, लांब जीभ काढत परिसर हुंगत असतो. भेदरलेला किंवा गारठलेला साप जीभ आत ठेवतो किंवा घाईघाईने आतबाहेर करतो.

याच कारणाने चित्रीकरणापूर्वी साप मुद्दाम थंड करण्याची वाईट पद्धत रूढ झाली. थंड साप हलत नाही, म्हणून छायाचित्रकाराला हवी ती वळणे देता येतात. मात्र गारठलेल्या अजगराला श्वसनमार्गाचा संसर्ग सहज जडतो आणि तो लक्षात येईपर्यंत तोंडातून बुडबुडे व चिकट स्राव येऊ लागलेला असतो. उलट टोकाला स्टुडिओचे तापणारे दिवे असतात. अजगराच्या ओठांच्या कडेने उष्णता टिपणारे खळगे असतात आणि तापमानातील अत्यंत सूक्ष्म फरकही त्याला त्यांनी जाणवतो. भुकेल्या अजगरापुढे तापलेला दिवा किंवा उबदार हात अचानक आला तर त्याला तो भक्ष्यासारखा भासू शकतो. म्हणून मोठ्या सापाच्या छायाचित्रणात थंड प्रकाशाचे एलईडी दिवे, तेही अंतरावर, एवढी साधी गोष्ट सापाची आणि माणसाची अर्धी जोखीम कमी करते. १९९५ मध्ये ही सोय स्टुडिओंत नव्हती, हे त्या काळाच्या बाजूने नमूद करायला हवे.

वेळ निवडणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कातीवर आलेल्या अजगराचे डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही आणि तो चिडका होतो. कात टाकल्यावर चार-सहा दिवसांत मात्र त्याच्या खवल्यांवर इंद्रधनुषी झळाळी येते, जी कृष्णधवल चित्रातही एका बाजूने पडलेल्या मऊ प्रकाशात धातूसारखी चमकते. छायाचित्रकाराची सोय आणि सापाची सोय येथे सुदैवाने एकाच दिवशी पडते. जेवणानंतरचे दिवस मात्र पूर्ण वर्ज्य. बर्मीज अजगरावरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की मोठे भक्ष्य गिळल्यावर ४८ तासांच्या आत त्याचे हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. एवढी उलथापालथ ज्याच्या शरीरात चालू आहे त्याला उचलून दोन माणसांच्या अंगाखांद्यावर टाकले तर तो गिळलेले ओकून टाकण्याचीच शक्यता अधिक. कोकणात शेळी गिळलेल्या अजगराभोवती जमलेली गर्दी आणि तिने उगारलेले मोबाईल हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल; तो अजगर पुढच्या काही मिनिटांत शेळी ओकतो, कारण जड पोटाने त्याला पळता येत नाही. लोक त्याचाही व्हिडिओ काढतात.

राहिला माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न. दहा फुटांपेक्षा मोठा अजगर एकट्याने हाताळू नये, हा पाळणाऱ्यांमधला सर्वमान्य दंडक आहे, आणि मॉडेलची गणना हाताळणाऱ्यांत करायची नसते. विळखा सोडवायचा तर शेपटीकडून, डोक्याकडून नव्हे. अजगर बिनविषारी असला तरी त्याचे दात मागे वळलेले असतात, त्यामुळे चावा बसल्यावर हात हिसडला की जखम फाटते. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोटाचे विकार जडवणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. चेहऱ्याजवळ साप घेऊन काढलेल्या छायाचित्रानंतर साबणाने हात-तोंड धुणे हा चित्रीकरणाचाच भाग मानला पाहिजे. चांगल्या छायाचित्राच्या चौकटीबाहेर, कापलेल्या कडेला, नेहमी दोन जाणकार माणसे उभी असतात.

मुद्देमाल

वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३९ नुसार ज्या वन्यप्राण्याच्या बाबतीत अपराध घडला तो शासनाची मालमत्ता ठरतो. चोरीचा दागिना किंवा जप्त गाडी चौदा वर्षे मुद्देमाल म्हणून पडून राहू शकते. अजगर राहू शकत नाही. त्याला खायला लागते, उबदार आणि गार अशा दोन्ही बाजू असलेला प्रशस्त पिंजरा लागतो, पाणी लागते, कात नीट उतरली की नाही हे पाहणारे कोणी लागते. येथूनच बाळगण्याचा प्रश्न सुरू होतो. अजगराचे पिलू अंड्यातून निघते तेव्हा हातभर असते आणि दोन-तीन वर्षांत चांगल्या खाण्यावर माणसाच्या उंचीला मागे टाकते. हाताच्या लांबीचा साप ज्याने विकत घेतला त्याने मनातल्या मनात कधीच बारा फुटांचा साप विकत घेतलेला नसतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत बर्मीज अजगर आज हजारोंनी पसरले आहेत, ते पाळलेले साप सोडून दिल्यामुळे किंवा निसटल्यामुळेच. २०१२ मध्ये त्या देशाने बर्मीज अजगराची आयात आणि राज्याराज्यांतील वाहतूक रोखणारा नियम केला, तोवर उशीर झाला होता.

त्या जाहिरातीच्या काळात मुंबईत पाळीव विदेशी सापांचा उघड बाजार नव्हता. साप दिसत ते गारुड्यांच्या टोपल्यांत, परळच्या हाफकिन संस्थेत, आणि १९८६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानासारख्या ठिकाणी. चित्रपटांसाठी आणि जाहिरातींसाठी प्राणी पुरवणाऱ्यांचे एक वेगळेच जग होते, आणि त्या जगावर नियंत्रण आले ते पुष्कळ उशिरा: चित्रीकरणात प्राणी वापरण्यापूर्वी नोंदणी बंधनकारक करणारे नियम २००१ चे आहेत.

आज चित्र उलटे झाले आहे. गारुडी जवळपास दिसेनासे झाले आणि बॉल पायथॉनसारखे (हा आफ्रिकेतला लहान अजगर) विदेशी साप घरात आले. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये विदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा नोंदणीची मुभा दिली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने सायटिस यादीतील जातींसाठी स्वतंत्र प्रकरण आणि चौथी अनुसूची आणली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली. नोंदणी झालेला बॉल पायथॉन घरात ठेवून त्याचे छायाचित्र काढणारा माणूस आज कायद्याच्या आत आहे. रानातून धरलेल्या भारतीय अजगराला गळ्यात घालून छायाचित्र काढणारा मात्र, तो स्वतःला सर्पमित्र म्हणवत असला तरी, १९९५ च्या त्या दुसऱ्या गुन्ह्याच्याच कक्षेत येतो. या दोघांमधली सीमारेषा तस्करीने रोज पुसट होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेचे मासे म्हणून आलेल्या एका मालातून ६६५ विदेशी प्राणी पकडले. त्यांत अजगरही होते आणि ११७ प्राणी पेट्यांतच मेलेले होते.

प्रबुद्ध दासगुप्ता २०१२ मध्ये अलिबाग येथे निवर्तले. मिलिंद सोमण यांनी २०२० मध्ये ते छायाचित्र, पंचवीस वर्षांनी, स्वतःच पुन्हा समाजमाध्यमांवर टाकले आणि त्यावर नव्याने चर्चा झाली, तीही नग्नतेचीच. निगुतीने सांभाळलेला अजगर वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो. जाहिरातीच्या वेळी जो साप पाच-सहा वर्षांचा असेल तो २००९ मध्ये, सगळे आरोपी सुटले त्या दिवशी, वीस वर्षांच्या आसपास असू शकला असता, आणि कलम ३९ अन्वये तो तेव्हाही सरकारचाच असता.